बाबांचा पाय

आमच्या घरात गाडीची चावी देवघराशेजारच्या खिळ्याला असायची. २०२४च्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी ती तिथून काढली, माझ्या ऑफिसच्या सॅकमध्ये टाकली आणि बाबांना म्हणाले, 'आता काही दिवस गाडी मीच नेते. तुम्हाला कुठं जायचं असलं की सांगा, मी सोडीन ना!' इतक्या गोड आवाजात म्हणाले, की माझं मलाच कौतुक वाटलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि 'बरं' म्हणाले. बस्स. ना वाद, ना चिडचिड. सगळं कसं सोपं गेलं.

फार सोपं गेलं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात आयुष्य गेलं. गाडी चालवतायत चाळीस वर्षं, म्हणजे स्टिअरिंगलाच गिअर असायचा त्या जमान्यापासून. आत्ताची गाडी २०१४ची, पेट्रोल. तिच्यावर एकही ओरखडा नाही असं मी म्हणणार नाही, पण जे आहेत ते बहुतेक माझ्या नावावर आहेत. आदल्याच वर्षी त्यांचं लायसन्स पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू झालं होतं. मेडिकल सर्टिफिकेटवर सही करताना डॉक्टर म्हणाले होते, 'सर, तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.'

तरीही चावी काढून घ्यायची वेळ आली, कारण मार्चपासून गाडी त्यांच्या हातात तीनदा बंद पडली होती. एकदा नळ स्टॉपच्या सिग्नलला, एकदा डेक्कनला. आणि तिसऱ्यांदा, वाईला आत्याकडून येताना, कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर. पुण्यात राहणाऱ्याला या उताराबद्दल काही सांगायला नको. मागून ट्रक येत असतात आणि त्यातल्या एखाद्याचे ब्रेक लागत नसतात, अशी बातमी आपण दर थोड्या दिवसांनी वाचतो. तिथं चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंगची पॉवर जाते आणि ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच शिल्लक राहतो. नंतर पेडल दगडासारखं होतं. बाबांनी ब्रेक एकदाच दाबला, धरून ठेवला, जड झालेलं स्टिअरिंग ओढत गाडी डावीकडे घेतली आणि कडेला उभी केली. शेजारी बसलेली आई घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

'चालता चालता बंद पडली. कुणीतरी चावी फिरवावी तशी,' बाबा सांगत होते.

आम्ही काय विचारलं? 'क्लच सुटला का?' 'कितव्या गिअरमध्ये होती?' दादा बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, 'बाबा, सत्तरीनंतर रिफ्लेक्सेस स्लो होतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.' आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानं गाडी बघितली, स्कॅनर लावला, एक चक्कर मारून आणली. गाडी मख्खन! त्यानं मला शटरच्या आडोशाला घेतलं आणि हळूच म्हणाला, 'ताई, गाडीत काय नाय. काकांचा पाय बघा. क्लच लवकर सुटत असणार.'

झालं. त्या दिवसापासून घरात या सगळ्या प्रकाराला नाव पडलं : बाबांचा पाय.

आता माझी बाजू. मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या आणि त्या खऱ्या आहेत हे डेव्हलपर मंडळींच्या गळी उतरवायचं, हे माझं रोजचं काम. या धंद्यात आमचा सगळ्यात मोठा संताप कशावर असतो माहितीये? आपण जीव तोडून एखादा बग नोंदवावा आणि समोरच्यानं दोन मिनिटं बघून 'माझ्याकडे तर नीट चालतंय' असं म्हणत 'युझर एरर' लिहून तो बंद करावा. यावर मी मीटिंगमध्ये तावातावानं भांडलेली बाई आहे. आणि घरी मी नेमकं तेच केलं होतं. युझर एरर. क्लोज्ड.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. संध्याकाळचे सव्वापाच, बाहेर नुसती भट्टी. एसी फुल्ल, गाणी चालू, हिंजवडीहून कोथरूडकडे मुंगीच्या वेगानं चाललेली मी. चांदणी चौकाच्या अलीकडे अचानक गाणी चालू आणि गाडी बंद! आचका नाही, खोकला नाही, काही नाही. आरपीएमचा काटा एका झटक्यात शून्यावर पडलेला. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. मी उरल्यासुरल्या वेगावर गाडी कडेला ढकलली, चारी इंडिकेटर लावले आणि वेड्यासारखे सेल्फ मारत सुटले. इंजिन गरगर फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. मागं हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. एक बाइकवाला जाता जाता काच ठोकून ओरडला, 'मॅडम, क्लच दाबा क्लच!'

माझा पाय क्लचवरच होता. पूर्ण दाबलेला.

बावीस मिनिटांनी गाडी अशी सुरू झाली, की जणू काही घडलंच नाही.

मी घरी काहीही सांगितलं नाही. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच घडलं. स्वतःला सांगितलं की आधी गाडी दुरुस्त करते आणि मग सांगते, उगाच टेन्शन कशाला? खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर पुढचं वाक्य मलाच उच्चारावं लागलं असतं, आणि ते वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं.

गॅरेजमध्ये मात्र गेले. या वेळी 'पाय' हा शब्द निघाला नाही हे मी नोंदवून ठेवलंय. स्कॅनरही निघाला नाही, 'परवाच तर लावला होता.' फ्युएल फिल्टर बदलला, प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप बदलला. ९,४०० रुपये. चौथ्या दिवशी बाणेरला गाडी पुन्हा बंद. मग एका मोठ्या, चकाचक, कॉफी देणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथं स्कॅनरवर काहीतरी आलं. टाय लावलेल्या मुलानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, 'मॅम, ईसीएम गेलाय.' ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. खर्च ३८,००० अधिक टॅक्स. आणि मग सल्ला, 'एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजला टाका ना, दहा वर्षांची झालीय गाडी.' बाहेर शोरूममध्ये नवी गाडी फुगे लावून उभीच होती.

त्या रात्री मी जे करायला हवं होतं ते केलं. वही काढली. सध्या बंद पडते - सध्या चालते, अशा बगला आमच्याकडे एकच औषध असतं : प्रत्येक वेळची नोंद. तारीख, वेळ, किती मिनिटं चालल्यावर बंद पडली, एसी, ट्रॅफिक, टाकीत पेट्रोल किती, परत सुरू व्हायला किती वेळ लागला. माझ्या चार वेळा लिहिल्या. मग आईकडून गप्पा मारल्यासारखं करत बाबांच्या तीन वेळांची माहिती काढली. सातही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि बघत बसले. सकाळी एकदाही नाही. गाडी निघाल्यापासून पस्तीस मिनिटांच्या आत एकदाही नाही. सगळ्या कडक उन्हातल्या किंवा ट्रॅफिकमधल्या, आणि वाईच्या वेळी तर आधी खंबाटकी चढून आलेली गाडी. परत सुरू व्हायला दर वेळी वीस ते पंचवीस मिनिटं. ड्रायव्हर दोन होते, पायही वेगळे, पण ओळी सारख्याच.

बाबा गॅलरीत बसले होते. गेल्या महिना-दीड महिन्यात ते तिथं जरा जास्तच बसायला लागले होते. वाईला महिन्यातून एकदा जायचे, ते 'ऊन फार आहे' म्हणून बंद झालं होतं. आई परवाच म्हणाली होती, की हल्ली गॅस बंद केलाय ना हे दोन-दोनदा विचारतात.

'बाबा, गाडी माझ्याकडेही बंद पडली.'

'कधी?'

'चार वेळा.'

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तुझाही पाय का?'

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. शटरच्या आडोशाचं सगळं.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात पुढं केला. 'वही दाखव.' ओळींवरून बोट फिरवत, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, 'मी मार्चमध्ये रोज दुपारी पार्किंगमध्ये जाऊन बंद गाडीत क्लचची प्रॅक्टिस करत होतो. पन्नास वेळा. मला वाटलं, खरंच पाय असेल.'

यावर काय बोलणार? मी गप्प बसले. त्यांनी मात्र 'परत सुरू व्हायला लागलेला वेळ' या रकान्यावर टिचकी मारली. 'हा फार चांगला रकाना घातलास. काहीतरी तापतंय आणि निवलं की चालतंय. आमच्या जुन्या गाडीला हेच व्हायचं. घाटात पेट्रोलची पाइप तापून आत वाफ धरायची. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि चहा प्यायचा.' मग थांबून, 'वर्कशॉपवाल्याला कोड काय आला?'

मी कोड विचारलाच नव्हता. टेस्टर म्हणे!

७०० रुपयांचा एक ब्लूटूथ डोंगल मागवला. आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा आणि फोनवर अॅप उघडायचं. इंजिनचं तापमान, आरपीएम, सगळं लाइव्ह दिसतं. शनिवारी भर दुपारी दोन वाजता आम्ही दोघं निघालो. सोबत डोंगल, वही, पाण्याच्या दोन बाटल्या आणि आईचं ओटा पुसायचं फडकं. आईला सांगितलं, पुस्तक प्रदर्शनाला चाललोय. गाडी मी चालवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करत होते. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर बेचाळिसाव्या मिनिटाला तिनं मान टाकली. आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली! शेजारच्या रिक्षावाल्याला आमच्या घराण्याबद्दल काय वाटलं असेल, देव जाणे.

'आता सेल्फ मार आणि आरपीएम वाच.'

मारला. इंजिन गरगरतंय, आवाज येतोय, गाडी हलतेय. फोनवर आरपीएम : शून्य. धडधाकट गाडीत सेल्फवर इंजिन फिरताना तिथं दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. इंजिन फिरत होतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ते फिरतंय हेच कळत नव्हतं. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर कोड उमटला : पी ०३३५. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट.

इथं जरा थांबून हा प्राणी काय आहे ते सांगते, कारण बाबांनी मला त्याच जागी, बॉनेट उघडं ठेवून, वीज बिलाच्या पाठीवर आकृती काढून सांगितलं. इंजिनच्या क्रँकसोबत एक दातेरी चाक फिरतं. साठ दात्यांची जागा, पण दाते अठ्ठावन्न. दोघांची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली. चाकाला जवळजवळ चिकटून बोटाएवढा एक सेन्सर. आमच्या गाडीत त्याच्या पोटात फक्त एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की तारेत विजेचा छोटा ठोका उमटतो. 'फॅरडे, १८३१,' बाबा म्हणाले, जणू कालच भेटले होते. मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, एक फेरा झाला, पिस्टन अमुक ठिकाणी आहे, आता पेट्रोल सोड, आता ठिणगी टाक. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५० फेरे, गुणिले ५८, म्हणजे सेकंदाला २,९०० ठोके. हे ठोके थांबले की कॉम्प्युटर पेट्रोलही बंद करतो आणि ठिणगीही. म्हणून ती चावी फिरवल्यासारखी बंद पडते. पेट्रोल कमी पडलं असतं तर आधी आचके दिले असते, खोकली असती. पंप बदलायला माझे ९,४०० घेणाऱ्याला मी हे सांगितलं असतं तर! मला तरी कुठं माहीत होतं म्हणा.

आणि बाबांच्या वेळी स्कॅनर कोरा का होता? कारण चालता चालता ठोके थांबले, तर कॉम्प्युटरला वाटू शकतं की ड्रायव्हरनंच इंजिन बंद केलं. चूक त्याच्या लक्षात येते ती नंतर, बंद सेन्सरवर आपण सेल्फ मारत बसलो तर. बाबा पडले जुन्या वळणाचे. तापलेल्या गाडीला छळायचं नाही, शांत बसून राहायचं, निवली की निघायचं. त्यांच्या त्या समजूतदारपणानं त्यांच्याच बाजूचा पुरावा पुसला होता.

मग फडकं. एअर फिल्टरकडे जाणारी पाइप सोडवल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी सेन्सरची काळी टोपी दिसत होती. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पाणी पडू न देता बाबांनी ओलं फडकं त्या टोपीवर धरलं, वरून धार धरली. चार मिनिटं. पाइप परत बसवली. 'मार.'

अर्ध्या सेल्फमध्ये सुरू!

मी आनंदानं किंचाळले. बाबा म्हणाले, 'एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. उद्या परत. आणि उद्या फडकं न लावता.' हे वाक्य मी ऑफिसात शंभर वेळा वापरलंय. कुठून आलं ते त्या दिवशी कळलं. रविवारी फडक्याशिवाय तेवीस मिनिटं लागली. सोमवारी मी हाफ डे टाकला; फडक्यानं पाच मिनिटं. वायर कुठं घासून तुटलीय का, हे बाबांनी हलवून हलवून तपासलं, कारण कोड 'सर्किट' म्हणतो, सेन्सरच गेला असं म्हणत नाही. कनेक्टर, वायर, सगळं ठीक होतं.

सेन्सर नाना पेठेत मिळाला. दुकानदारानं आधी चॅसी नंबर मागितला, मग दोन डबे ठेवले. एक ३५० रुपयांचा, एक १,१५० रुपयांचा. ३५०च्या डब्याकडे माझा हात गेला तेव्हा तोच म्हणाला, 'हा लावा, पण मग माझा फोन नंबर पण घेऊन ठेवा.' १,१५०चा घेतला.

बसवायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी पूर्ण थंड असताना, सकाळी सात वाजता बसलो. बॅटरीचं निगेटिव्ह सुटं केलं. दहा नंबरचा एकच बोल्ट. वाचायला किती सोपं वाटतं ना! कनेक्टरची प्लास्टिकची क्लिप दहा वर्षांच्या उष्णतेनं बिस्किटासारखी ठिसूळ झाली होती, ती मी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायला गेले आणि बाबांनी माझा हात धरला. बोल्ट निघाला, पण सेन्सर जागेवरून हलेना. माझं डोकं म्हणत होतं, ठोका. बाबांनी गंजाचा स्प्रे मारला आणि म्हणाले, 'चल, पोहे खाऊ.' अर्ध्या तासानं डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत त्यांनी तो अख्खा बाहेर काढला. टोकाच्या चुंबकावर लोखंडाचा कीस बारीक दाढीसारखा वाढला होता. भोक आतून पुसलं, नव्या सेन्सरच्या रबरी रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं, सरळ आत ढकलला, बोल्ट नुसता बेतानं आवळला, कारण कान प्लास्टिकचा असतो आणि जोर लावला की तुटतो. बोल्ट मी आवळला. हे काम मला करू दिलं, याची नोंद व्हावी. मग कोड पुसला आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

इथं कुणीही थांबलं असतं. बाबा थांबले नाहीत. त्यांना जुना सेन्सर तपासायचा होता. मी म्हटलं, 'आता कशाला? झालं ना काम.' ते म्हणाले, 'मला बघायचंय.'

त्यांच्या सुरात असं काही होतं, की मी पुढं काही बोलले नाही.

स्वयंपाकघरात गॅसवर पाण्याचं पातेलं चढलं. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलेलं, बाहेर दोन वायरी आणि त्यांना तो पिवळा स्वस्तातला मल्टिमीटर. शिवाय कॉलेजच्या लॅबमधून रिटायरमेंटच्या वेळी भेट मिळालेला थर्मामीटर. 'अहो, ते दुधाचं पातेलं आहे!' आई. तिला कुणी उत्तर दिलं नाही. २८ अंशांना ८७० ओहम. ५० ला ९४५. ७० ला हजाराच्या थोडं वर. 'हे ठीकच आहे, तांबं तापलं की रोध वाढणारच,' बाबा पुटपुटले. ७८ ला मीटरवरचे आकडे उडाले आणि डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा १ उरला. म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली केसासारखी तार कुठंतरी तडकली होती. थंड असताना टोकं एकमेकांना टेकायची, तापल्यावर फाकायची. गॅस बंद केला, पाणी निवत गेलं आणि ६१ अंशांना आकडे परत आले. बाबांनी गॅस पुन्हा पेटवला. पुन्हा ७८ च्या आसपास गायब. तिसऱ्यांदाही तेच.

आई तोपर्यंत पदर खोचून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं मीटरकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. 'म्हणजे त्या दिवशी उतारावर हे झालं होतं?'

'हो.'

'तुम्ही म्हणत होतात.'

'हो,' बाबा म्हणाले. 'मी म्हणत होतो.'

रात्री मी दादाला कॉल लावला आणि फोन पातेल्याकडे वळवून चौथा प्रयोग त्याला लाइव्ह दाखवला. रिफ्लेक्सेसचा विषय निघाला नाही. गॅरेजवाल्याला मात्र मी मुद्दाम जाऊन सांगितलं. भला माणूस आहे, त्यानं कान पकडले आणि पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी घेतली नाही. माझे कान मी अजून पकडलेले नाहीत. चार-पाच वेळा सुरुवात केली, पण दर वेळी बाबा विषय रबरी रिंगवर नाहीतर फॅरडेवर नेतात. मग मी ऐकते.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस यायच्या आत, आम्ही तिघं वाईला गेलो. जाताना मी चालवली. आत्यानं आमरसाचा शेवटचा हप्ता खाऊ घातला. निघताना मी चावी बाबांच्या पुढ्यात धरली. ते माझ्याकडे बघत राहिले. 'दुपारचे तीन वाजलेत,' म्हणाले. 'ऊन आहे. घाट आहे. सगळ्या अटी पूर्ण होतात.'

'म्हणूनच,' मी म्हटलं.

मी मागच्या सीटवर बसले. आई पुढं, हातात पर्स घट्ट धरून. खंबाटकी आला आणि गेला. बोगदा आला. बोगद्यानंतर बाबांनी गाडी डाव्या लेनला घेतली, तिसरा गिअर टाकला आणि इंजिनच्या जोरावर ती निवांत उतरू दिली. मागून एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. मी फोनवर आरपीएमचा आकडा बघत होते. २,६००, २,५५०, २,६००. नवले पूल आला तेव्हा आईनं पर्स मांडीवर ठेवली.

घरी आल्यावर आईनं देवघरापाशी दिवा लावला आणि तिथूनच विचारलं, 'अहो, चावी कुठंय? खिळ्याला दिसत नाही.'

'खिशात आहे,' बाबा म्हणाले. 'राहू दे.'